किल्ली सगळ्यात शेवटी

प्रश्न: माझे पती चौदा महिन्यांपूर्वी गेले. आमचं घर ह्यूस्टनजवळ शुगरलँडला आहे, आता मी एकटीच असते. त्यांची १९६६ची लाल फोर्ड मस्टँग गराजमध्ये उभी आहे. १९९८ साली एका निवृत्त शिक्षकाकडून घेतली होती. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक रविवार त्या गाडीखाली गेला. केलेलं सगळं काम एका वहीत लिहून ठेवलंय. मुलगी सिएटलला, मुलगा ऑस्टिनला, दोघांनाही गाडी ठेवायला जागा नाही. जाहिरात दिल्यावर परदेशातली दोन गिऱ्हाइकं आली. एक नॉर्वेचा इंजिनियर, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर नोकरीला. गाडी न बघताच ३६ हजार डॉलर देतो म्हणतो, चेक लगेच पाठवतो आणि त्याचा माणूस येऊन गाडी नेईल. दुसरा जर्मनीतला, कोलोनजवळचा. तो २४,५०० वर अडून बसलाय आणि रोज नवा प्रश्न काढतो. गाडीचे खालून फोटो पाठवा, चासी नंबर पाठवा, विंडशील्डखाली पाणी ओतून बघा! मला तर तो फार संशयी वाटतो. वर बिलावर १५ हजारच लिहा म्हणाला. दीर म्हणतात, विकू नकोस, पुण्याला पाठव, घरची वस्तू घरात राहील. मला या व्यवहारातलं काहीच कळत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, पाणी ओतून बघितलंत का? नसेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि बादली घेऊन गराजमध्ये जा. बॉनेट संपतं आणि काच सुरू होते, तिथे पत्र्याला फटींची जाळी आहे. तिच्यातून गाडीत हवा येते, पावसाचं पाणीही जातं, आणि ते आतल्या आत दोन्ही बाजूंनी खाली निथळून जावं अशी रचना आहे. पण वर्षानुवर्षं तिथे पानं अडकतात, ओल धरते, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग अगदी आरशासारखा असतो. म्हणून पुढचा गालिचा उचलायचा, दोन्हीकडे पायाशी वर्तमानपत्र पसरायचं, आणि फटींवर हळूहळू पाणी ओतायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. कागद कोरडा राहिला तर तुमच्या यजमानांना मनातल्या मनात नमस्कार करा. भिजला तर कुठे भिजला त्याचा फोटो काढा. तिथला पत्रा बदलायचा म्हणजे कितीतरी स्पॉट वेल्ड एकेक करून फोडत बसावं लागतं, आणि ते काम स्वस्तात कोणी करत नाही.

ज्याला हे विचारायचं सुचतं, त्याने अशी गाडी स्वतः ठेवलेली असते, नाहीतर एकदा हात पोळून घेतलेला असतो. तुम्हाला संशयी वाटलं तेच तुमचं खरं गिऱ्हाईक. तो आठ हजार किलोमीटरवर बसलाय, गाडीला हात लावू शकत नाही, तिचा वास घेऊ शकत नाही. त्याने प्रश्न विचारायचे नाहीत तर काय करायचं?

आणि तो नॉर्वेचा? लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही म्हणतात, इथे तर जेवायलाही जाऊ नका. मी सव्वीस वर्षं नेवार्क बंदराजवळ मालवाहतुकीच्या कचेरीत काढली. हा फलाटावरचा इंजिनियर आमच्या गिऱ्हाइकांना वर्षातून दोनचारदा तरी भेटायचा. कधी नॉर्वेचा असायचा, कधी स्कॉटलंडचा, मधे काही वर्षं लष्करातला कॅप्टन झाला होता. फलाट अशासाठी, की तिथून फोन लागत नाही, व्हिडिओवर तोंड दाखवता येत नाही. पुढे काय होतं ते सांगतो. त्याचा चेक येईल, पण ३६ हजारांचा नाही, चाळीसच्या आसपास. चूक झाली म्हणेल. वरचे पैसे माझ्या वाहतूकवाल्याला तेवढे पाठवून द्या, म्हणजे तो लगेच गाडी उचलेल. तुम्ही चेक बँकेत भरता, दोन दिवसांत खात्यात रक्कम दिसते, कारण चेकचे पैसे लवकर वापरायला द्यायचे असा बँकांना नियम आहे. रक्कम दिसली म्हणजे चेक वटला, असं मात्र नाही. तो खोटा निघाल्याचं दोन-तीन आठवड्यांनी कळतं. तेव्हा बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडून परत घेते, आणि तुम्ही ‘वाहतूकवाल्या’ला पाठवलेले चार हजार गेलेले असतात. त्याला तुमची गाडी नकोच असते हो. त्याला एकच उत्तर लिहा: पूर्ण रक्कम वायर ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून थेट खात्यात, आणि त्याआधी एक व्हिडिओ कॉल. परत पत्र येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात एक वाक्य नाही, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी दाखला, कोणाच्या नावावर आहे?

यजमानांच्या एकट्याच्या नावावर असेल, तर आज ही गाडी तुम्हाला विकताच येणार नाही, जर्मनीला नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. आधी टायटल काढून नीट वाचा. दोघांची नावं असतील आणि उत्तरजीवित्वाचा, म्हणजे एक गेल्यावर दुसऱ्याची मालकी असा करार नोंदलेला असेल, तर काम सोपं आहे. नसेल, आणि मृत्युपत्राचं किंवा इस्टेटीचं प्रकरण कोर्टात चालू नसेल, तर टेक्सासमध्ये गाडीपुरतं वारसांचं प्रतिज्ञापत्र करता येतं. राज्याच्या मोटार खात्याचा छापील फॉर्म आहे, व्हीटीआर-२६२. त्यावर सगळ्या वारसांनी नोटरीसमोर सही करायची, म्हणजे मुलीलाही सिएटलमध्ये नोटरी गाठावा लागेल. तो फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नव्या टायटलचा अर्ज घेऊन काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जा. मृत्युपत्र कोर्टात दाखल झालं असेल तर रस्ता वेगळा आहे, तो वकिलाला विचारा.

वारसांच्या सह्यांवर थेट गिऱ्हाइकाच्या नावे गाडी करता येत नाही का, असं तुमचा मुलगा विचारेल. गाडी इथल्या इथे जाणार असेल तर तसंही करतात. पण परदेशी पाठवायच्या गाडीला ते करू नका. बंदरावरच्या कस्टम्स अधिकाऱ्याला एक स्वच्छ टायटल लागतं: पुढच्या बाजूला विकणाऱ्याचं नाव, मागच्या बाजूला त्याचीच सही आणि घेणाऱ्याचं नाव. त्याऐवजी चार कागदांची पुरचुंडी दिली की तो ती बाजूला ठेवतो. एकदा बाजूला ठेवली की ती कधी वर येईल ते सांगता येत नाही, आणि गाडी उभी असलेल्या जागेचं भाडं रोज चढत राहतं. म्हणून आधी टायटल तुमच्या एकटीच्या नावावर करून घ्या, मग विका. जर्मन माणूस खरा असेल तर तो थांबेल. कारण सांगितलंत तर उलट खूश होईल.

टायटलवर कर्जाची नोंद दिसते का तेही बघा. १९९८ साली कर्ज काढलं असेल आणि ते फेडून वीस वर्षं झाली असतील, तरी नोंद तशीच राहिलेली असते. कस्टम्सला तशी नोंद दिसली की ते कर्ज देणाऱ्याची लेखी परवानगी मागतात. ती बँक आता अस्तित्वात नसली तर तुमची धावपळ सुरू.

माझी फजिती ऐका. नेवार्कला असताना आम्ही १९५७ची एक शेव्हरले पाठवत होतो. गाडीवरचा चासी नंबर ‘व्हीसी५७’ आणि पुढे इंग्रजी एस. एस म्हणजे सेंट लुईसच्या कारखान्यात बांधलेली. पण पन्नास वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारकुनाने टायटलवर एसऐवजी ५ लिहिला होता, आणि तीन मालकांच्या हातून ते तसंच पुढे आलं. मी गाडीजवळ जाऊन नंबर वाचला नाही. झेरॉक्सवरून उतरवून कागद केले. कस्टम्सवाल्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि माझ्याकडे बघितलं. पाच आठवडे गाडी अडकली, जहाज गेलं, आणि मालकाला जागेचं भाडं भरायला लागलं ते माझ्यामुळे. त्या दिवसापासून गाडीचा नंबर मी बोट फिरवून वाचतो.

तुम्हीही तेच करा. १९८१च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना सतरा अक्षरांचा ठरावीक नंबर आला, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती. तुमच्या मस्टँगचा नंबर अकरा अक्षरांचा असेल. बॉनेट उघडून डाव्या बाजूला, पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्याच्या कडेला तो ठोकलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला एक पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावरही असतो. कापडाने पुसा, टॉर्च तिरका धरा म्हणजे अक्षरं उठून दिसतात, आणि टायटलशी एकेक अक्षर जुळवा. पहिला आकडा ६ म्हणजे १९६६. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर सॅन होजे, टी असेल तर मेटचेन. मेटचेन हे नाव फोर्डने दिलेलं, कारखाना होता न्यू जर्सीतल्या एडिसनला. २००४ साली तो बंद झाला. ज्या एडिसनमध्ये आज मंडळाची नाटकं होतात आणि दिवाळीचा फराळ विकत मिळतो, तिथे एके काळी मस्टँग बांधत. तुमच्या गाडीवर टी निघाला तर मला जरूर कळवा. पुढचे दोन आकडे बॉडीचे, ०७ म्हणजे साधी दोन दारांची, ०८ म्हणजे उघड्या टपाची, ०९ म्हणजे फास्टबॅक, मागे टप उतरत गेलेली. पाचवं अक्षर इंजिनचं, सी असेल तर २८९ घनइंचाचं व्ही-आठ, दोनशे अश्वशक्तीचं.

हा नंबर जर्मन माणसाला बेलाशक द्या, त्यात धोका नाही. टायटलचा स्पष्ट फोटो मात्र कोणालाच पाठवू नका. सही, पत्ता आणि टायटलचा क्रमांक झाकून पाठवा.

किमतीबद्दल एक कडू गोष्ट सांगतो. १९६६ सालात मस्टँग सहा लाखांवर निघाल्या, आणि त्यात जवळपास पाच लाख साध्या दोन दारांच्या होत्या. तुमची गाडी देखणी असेल, यजमानांनी जीव लावला असेल, पण ती दुर्मीळ नाही. ३६ हजारांचा आकडा ऐकल्यावर २४,५०० हा अपमान वाटणं साहजिक आहे, पण तो पहिला आकडा खोटा होता. त्याच्याशी तुलनाच करू नका. जर्मन माणसाला गाडीवर जहाजाचं भाडं, विमा, तिथला कर आणि तिथली तपासणी असा खर्च येणार आहे. पाण्याची परीक्षा पास झाली, खालचा पत्रा कोरडा निघाला, तर मी तुमच्या जागी २६ हजार मागेन आणि पंचवीसच्या वर कुठेतरी थांबेन.

युरोपातली माणसं टेक्सासपर्यंत येतात त्याचं कारण मीठ. मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याला खालून खातं. दक्षिणेतल्या गाड्या त्यातून वाचतात. पण ह्यूस्टनचं दुसरं दुखणं आहे. ऑगस्ट २०१७. हार्वे वादळात गाडी कुठे होती, गराजमध्ये पाणी शिरलं होतं का, हे तो विचारणारच. त्याने विचारायच्या आधी तुम्ही सांगा. पाणी आलं असेल तर किती इंच, तेही सांगा. यजमानांच्या वहीत त्या महिन्याचं पान बघा.

त्याचा आणखी एक प्रश्न तुम्हाला खुसपट वाटला असेल: इंजिन मूळचंच आहे का, ब्रेक बदललेत का. त्यामागे पैशाचं गणित आहे. तीस वर्षांवरची, मूळ स्थितीतली, आता बनत नसलेली गाडी युरोपात संग्राह्य वस्तू म्हणून आत जाऊ शकते. तशी मान्य झाली तर जर्मनीत तिला आयात शुल्क नाही आणि व्हॅट ७ टक्के. नाही झाली तर व्हॅट १९ टक्के. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, चासी यात मोठे बदल केले असतील तर कस्टम्स हरकत घेऊ शकतं. आता यजमानांनी ह्यूस्टनच्या उन्हाला कंटाळून एसी बसवला असेल, पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक लावले असतील, तर त्यात काही पाप नाही. फक्त ते लपवू नका. जुने ड्रम गराजच्या कोपऱ्यात पडलेले असतील तर भंगारात देऊ नका, त्याला सोन्यासारखे वाटतील. वहीतून केलेल्या बदलांची यादी काढून तारखेसकट लेखी पाठवा. आत कसं घ्यायचं ते तो आणि त्याचे कस्टम्सवाले बघून घेतील. तुम्ही लिहून दिलंय म्हटल्यावर मागाहून भांडायला तो येऊ शकत नाही.

गंमत म्हणून सांगतो. त्या काळी फोर्डला जर्मनीत ही गाडी मस्टँग नावाने विकता येत नव्हती, कारण ते नाव क्रुप कंपनीच्या ट्रककडे होतं. तिकडे ती टी-५ या नावाने जायची. ती मूळ टी-५ शोधणारे हौशी लोक वेगळेच. तुमचा माणूस तसा दिसत नाही.

बिलावर १५ हजार लिहायचं म्हणाला, तिथे मात्र त्याला सरळ नाही म्हणा. रागावू नका, जुन्या गाड्यांच्या धंद्यात अर्धी दुनिया हे विचारून बघते. ७ टक्क्यांच्या हिशेबाने ९,५०० डॉलर कमी दाखवून त्याचे वाचणार ६६५ डॉलर. त्याच्यासाठी तुम्ही अमेरिकन सरकारच्या निर्यातीच्या नोंदीत खोटी किंमत घालायची? आणि बुडालेल्या कंटेनरचा विमाही मग पंधराच हजार देईल, हे त्याला सांगा. समजूतदार असेल तर हसेल आणि विषय सोडेल.

निर्यातीच्या नोंदीचं म्हणाल तर ते काम फॉरवर्डर, म्हणजे माल परदेशी पाठवून देणारा एजंट करतो, पण त्यात तुमचं नाव असतं, म्हणून माहीत असू द्या. जुनी गाडी देशाबाहेर जाताना, किंमत कितीही असो, सरकारी संगणकात नोंद करावी लागते. तिच्यात गाडीचा नंबर, टायटलचा क्रमांक, ते देणारं राज्य, आणि अमेरिकेतली विकणारी व्यक्ती, म्हणजे तुम्ही. तिथे सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएन, म्हणजे कर खात्याने धंद्यासाठी दिलेला ओळख क्रमांक लागतो. आयआरएस या अमेरिकेच्या कर खात्याच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, एका बैठकीचं काम आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं असतात, त्यांच्या नादी लागू नका. फॉरवर्डर तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर मागत असेल तर तो फॉरवर्डर बदलायला सांगा, त्याला स्वतःचं काम येत नाही.

मग कस्टम्स. जहाज निघायच्या किमान ७२ तास आधी गाडी आणि मूळ टायटल बंदरावर त्यांच्यासमोर हजर करावं लागतं. झेरॉक्सवर भागत नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जहाज हलायच्या कितीतरी आधी मूळ टायटल तुमच्या हातून गेलेलं असतं. टायटल गेलं की गाडी गेली, मग ती तुमच्या गराजमध्ये उभी का असेना. म्हणून पूर्ण रक्कम आल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. ‘अर्धे आता, अर्धे जहाजावर चढल्यावर’ हे चालणार नाही. तो म्हणेल, मी तरी तुमच्यावर कसा भरवसा ठेवू? बरोबर आहे त्याचं. त्याला सांगा, ह्यूस्टनमधला कुठलाही तपासणीस पाठव, मी गराज उघडून देते, त्याने गाडी वर उचलून बघावी, टायटल हातात घेऊन वाचावं, माझं ओळखपत्र बघावं. तीन-चारशे डॉलर तपासणीला घालायला खरं गिऱ्हाईक का-कू करत नाही. त्याची खात्री पटली की वायर.

वायरसाठी बँकेत वेगळं खातं उघडा, त्यात शंभर डॉलर ठेवा, आणि त्याचाच नंबर द्या. खात्याचा नंबर ईमेलने पाठवलात तर व्हिडिओवर समोरासमोर पुन्हा वाचून दाखवा. मधेच कोणीतरी ईमेल फोडून खाते क्रमांक बदलतो आणि पैसे तिसऱ्याच्या घशात जातात. त्यात तुमचं नाही, त्याचं नुकसान, पण गाडी मात्र गराजमध्येच राहते आणि तंटा सुरू होतो. एस्क्रो, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायची सोय, वापरू म्हणाला तर चालेल, फक्त त्याने पाठवलेल्या दुव्यावर जाऊ नका, तुम्ही स्वतः शोधून जा. खोट्या एस्क्रोची दुकानं सुबक असतात.

वाहतूक तुम्ही अंगावर घेऊ नका. करारात एक ओळ लिहा: गाडी शुगरलँडच्या घरी ताब्यात दिली, पुढचा सगळा खर्च आणि जोखीम घेणाऱ्याची. कंटेनर की रो-रो, विमा किती, ब्रेमरहाफेनला उतरवायची की रॉटरडॅमला, त्याने ठरवावं. रो-रोने न्यायची असेल तर गाडी स्वतःच्या चाकांवर जहाजात चढते, म्हणून तिच्यात सामान ठेवायचं नाही आणि टाकीत पेट्रोल थोडंच हवं. आयत्या वेळी गाडी घेणाऱ्याचं नाव किंवा देश बदलतोय असं कळलं तर मात्र हात आवरा. काही देशांत इथून गाड्या पाठवायला बंदी आहे आणि कागदावर विकणारी म्हणून तुमचंच नाव राहतं.

उद्या ऑस्ट्रेलियातलं एखादं गिऱ्हाईक आलं तर लगेच हुरळून जाऊ नका. तिथे गाडी जहाजावर चढायच्या आधी आयातीची परवानगी हातात लागते. शिवाय अॅस्बेस्टॉसला बंदी आहे, आणि जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लचमध्ये, गास्केटमध्ये ते असू शकतं. त्यांची कस्टम्स ते शोधून काढते. त्यापेक्षा तुमचा कोलोनवाला बरा.

गाडी गेली की त्याच दिवशी नंबर प्लेट काढून घ्या, मोटार खात्याला ऑनलाइन विक्री कळवा, आणि मगच विमा बंद करा. कराचं थोडं: यजमान गेले त्या दिवशी गाडीची बाजारात जी किंमत होती, ती तुमची खरेदी-किंमत धरतात, १९९८ची नव्हे. त्या तारखेचं मूल्यांकन करून घेतलंत तर सीपीएचं, म्हणजे तुमच्या कर सल्लागाराचं काम दहा मिनिटांत होईल.

आता दीर. त्यांची भावना मला कळते. माझं लहानपण कुर्ल्याला गेलं, प्रीमियरच्या कारखान्याजवळ. तिथे फियाटच्या आधी डॉज आणि प्लिमथ जोडत, शिवडीला त्याआधी जनरल मोटर्सचा कारखाना होता. आमच्या चाळीसमोर उभ्या राहणाऱ्या लांबड्या डॉज टॅक्सीच्या बॉनेटवर बसायला मिळावं म्हणून आम्ही पोरं त्या टॅक्सीवाल्याला पाणी आणून द्यायचो. अमेरिकन गाडी आपल्याला परकी वाटतच नाही. पण ताई, जुनी गाडी भारतात न्यायची तर शुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त पैसे भरावे लागतील, त्यात स्टिअरिंग डावीकडे, आणि पुण्याच्या रस्त्यावर ही गाडी चालवणार कोण? दिरांना विचारा, पैसे ते भरताहेत का. मला वाटतं विषय तिथेच संपेल.

उद्या सकाळी, इंजिन गार असताना, शेजाऱ्याला मोबाइल धरायला सांगा. बॉनेटवर उघडा हात ठेवा म्हणजे ते गार आहे हे दिसेल, मग किल्ली फिरवा, आणि पाच मिनिटं न थांबवता चित्रण करा, सुरुवातीचा धूर आणि खरखर येईल तशी येऊ द्या. पाणी ओतल्याचे फोटो त्याच्यासोबत पाठवा. हे दोन पुरावे पोचले की त्याचे निम्मे प्रश्न मिटतील.

डिकी, ग्लोव्ह बॉक्स आणि सीटखाली हात घालून नीट बघा, पुरुष माणसं तिथे काय काय ठेवतात. पावत्या सगळ्या गाडीबरोबर द्या, त्यांना किंमत आहे. वही मागेल तो, कारण त्याला वाचता आलं नाही तरी तारखा आणि आकडे कळतात. त्याला पान न् पान झेरॉक्स करून द्या. मूळ वही तुमच्याकडे राहू द्या.